ससा पुरणारा कुत्रा

आल्विन टेब्बेला मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. कितीतरी वर्षं शिकारीच्या रांगेत आम्ही शेजारी उभे राहिलो, एकाच थर्मासमधली कॉफी प्यायलो. पण घरी एकटा तो दिवस कसा काढतो, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मला लिहायची सवय नाही. तो आता नाही आणि त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

आयुष्यभर त्याने डेअरीचा टँकर चालवला. निवृत्त झाला आणि त्याची म्हातारी कुत्री मेली. आमच्याकडे कुत्र्याशिवाय शिकारीला किंमत नाही; जखमी जनावर झुडपात सोडून घरी जाणारा माणूस आमच्यात बसत नाही. पण हाताशी परीक्षा पास झालेला कुत्रा असेल, तर बंदूक न चालवणाऱ्यालाही आग्रहाचं बोलावणं येतं. आल्विनला नवा कुत्रा त्यासाठी हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

पिल्लू बघायला त्याने मला बरोबर नेलं. ल्यूटमानबाई ड्राथार जातीचे राठ केसांचे शिकारी कुत्रे पाळायच्या. पिल्लू दाखवण्याआधी घेणाऱ्याला पारखायची त्यांची रीत. कॉफी आणि लोण्याचा केक पुढे ठेवून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"काय काय मारता?"

"सगळं. ससे, बदकं, रानडुक्कर."

"आठवड्यातून किती वेळा जाता?"

"तीन-चारदा तरी."

हे खरं नव्हतं; मी केककडे बघत राहिलो.

"हे बघा टेब्बे, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "माझा कुत्रा पाण्यात, रानात, रक्ताच्या मागावर, कुठेही चालतो. पण त्याला रोज राबवावं लागतं. नाहीतर तो आपलं आपण काम शोधतो. माझ्या मावसबहिणीकडे छोटे म्युन्स्टरलेंडर कुत्रे आहेत. तेही सगळं करतात, पण संध्याकाळी शेगडीजवळ गप पडून राहतात. तुम्हाला ते बरे पडतील."

आल्विनचे कान लाल झाले. "मी काय शेगडीजवळ बसणारा वाटलो तुम्हाला?"

बाईंनी उठून पिल्लांच्या खोलीचं दार उघडलं. पिल्लू आमच्याबरोबर आलं. त्याचं नाव कूनो.

कूनो वासरासारखा वाढला. आल्विनचे गुडघे मात्र त्याला गावातल्या तळ्यापर्यंतही नेईनात. काम नसलेल्या कूनोने आधी बूट पुरले, मग शेजारणीची कोंबडी.

ऑक्टोबरात परीक्षा होती. मेलेला ससा दोरीने ओढत रानात नेऊन ठेवतात. कुत्र्याने त्या वासावर एकट्याने जाऊन तो आणायचा. कूनो तीरासारखा गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड रिकामं आणि नाक मातीने काळं.

झाडाआडून परीक्षक बाहेर आले. "पुरला," एवढंच म्हणाले.

याहून मोठी नामुष्की आमच्यात नाही. असल्या कुत्र्याला आम्ही थडगं खणणारा म्हणतो आणि तिथल्या तिथे नापास करतो.

"आल्विन, पाद्रीबाबांना बोलावू?" डिर्क खाटीक ओरडला. "की दोन शब्द तूच बोलतोस?"

"फुलं माझ्याकडून!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

"माझ्या कुत्र्याने पुरलाय, मीच काढतो," आल्विन म्हणाला. परीक्षकांनी काठीने दाखवलेल्या बीचच्या झाडाखाली जाऊन तो गुडघ्यांवर बसला. सशाचा एक कान मातीतून सरळ वर आलेला, आम्हा सगळ्यांना दिसत होता. आल्विन त्याच्या भलत्याच बाजूला पाला चाचपत होता.

"अरे, तुझ्या उजव्या हाताशी!" डिर्क हसत म्हणाला आणि एकदम थांबला.

आल्विनचा हात मुळांवरून, शेवाळावरून फिरत राहिला. गेली काही वर्षं शिकारीत तो न झाडताच बंदूक खाली करून "लांब होता रे ससा" का म्हणायचा, ते त्या क्षणी सगळ्यांना कळलं. कोणी हसेना. डिर्कने टोपी काढली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी आल्विनशेजारी बसून त्याचा हात त्या कानावर नेला.

"हो, हो, दिसला," तो म्हणाला. वर मात्र बघेना.

त्याच आठवड्यात आम्ही कूनोला परत नेलं. सगळं ऐकून ल्यूटमानबाईंनी कूनोची दोरी हातात घेतली. "त्या दिवशीच सांगितलं असतंत तर?"

"लाज वाटली," आल्विन म्हणाला.

बाईंनी मावसबहिणीला फोन केला. पिल्लं देण्याचं वय उलटलेली तिची तपकिरी-पांढरी कुत्री आल्मा येताना गाडीत आल्विनच्या पायांवर बसून आली. शिकारीला मात्र तो पुन्हा आला नाही. बोलावणी जात राहिली. तो दार उघडत नसे.

शेवटचा भेटला तो बेकरीबाहेर, पावाची पिशवी छातीशी धरून, आल्मा पायाशी.

"शनिवारी शिकारीला ये," मी म्हणालो. "नंतर वाटाण्याचं सूप आहे."

"मी येऊन काय करू?"

"सूप पी."

तो आल्माच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"हिला आणली तर चालेल?"

"आण की."

"सॉसेज असतं ना त्यात?"

"असतं."

"मग हिच्यासाठी एक बाजूला काढून ठेव."