तळ्याचा वास

जैनथ गावाकडची गयाबाई पैनगंगेच्या काठी वाढलेली. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला कोणी बैल धुवायला नेले, तर ती भर उन्हात जाऊन त्याच्याशी भांडायची. मे महिन्यात हैदराबादेत राहणारी तिची भाची सुनयना तिला शहर दाखवायला घेऊन गेली. तिथली गर्दी, धूर आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या भिंती पाहूनच गयाबाईचं तोंड वाकडं झालं. दुपारी दोघी एका तळ्यात बोटीत बसल्या. पाणी हिरवंगार, आणि वास असा की तिनं पदर नाकाला लावला. तेवढ्यात शेजारच्या माणसानं खरकटी प्लेट पाण्यात भिरकावली.

"काऊन रे बाप्पा, हे पानी हाय का उकिरडा?" ती ओरडली.

तो हसला. "पहले से गंदा है, अम्मा."

सुनयना ओशाळली. "सोड ना मावशी. आमाले सवय झाली आता."

वास गयाबाईनं कसाबसा सोसला होता. भाचीचं हे बोलणं मात्र तिला सोसेना; तिनं बोट काठाला लावायला सांगितलं. चारमिनार पाहायचा राहिला. घरी येऊन तिनं दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं आणि ताटाला हात न लावता पिशवी भरली.

"उद्या पहिल्या गाडीत बसवून दे मले," ती म्हणाली. "सवय व्हायच्या आधी जातो मी."