लेकीच्या घरचं पाणी

मनकर्णाबाईंच्या फाटकाजवळ नळाचा खड्डा होता. कमरेइतका खोल, आतून फरशी लावलेला. त्यात उतरायचं, वाकायचं आणि तळाच्या नळाखाली भांडं धरायचं, तेव्हा पाणी मिळायचं. सौंसरच्या कडेला संत्र्याचा बगीचा तोडून पाडलेल्या त्या लेआउटमध्ये प्रत्येक घरापुढे असाच खड्डा. पाण्याला जोर नाही. ज्याचा नळ खाली, त्याला पाणी जास्त. पहिला खड्डा मनकर्णाबाईंच्या यजमानांनी, नत्थूजींनी खोदला. शेजारच्या हेमंतने त्याहून खोल खोदला. मग नत्थूजींनी आणखी. गल्लीभर हीच चढाओढ लागली, आणि तिला सगळे हुशारी म्हणत.

खड्ड्यांना लागून उघडी नाली. प्लॉट विकणाऱ्याने ती पुढे कशालाच जोडली नाही, म्हणून ती वाहत नाही, तुंबते. संडासाच्या टाक्यांतून ओसंडलेलं पाणीही तिच्यातच. नाली भरली की खड्डे भरायचे, नळ त्यात बुडायचे. पुरवठा थांबला की रिकामा होणारा पाइप तीच घाण आत ओढायचा. पुढच्या खेपेला ती सगळ्यांच्या पाणी भरायच्या गुंडात.

या पावसाळ्यात गल्लीत कावीळ आली. हेमंतचा मुलगा हर्षल पिवळा पडला, मग समोरच्या घरातल्या दोघी. गल्लीने वर्गणी काढून गाडी केली आणि सगळ्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन गळ्यात माळा घालून आणलं. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणे. खड्ड्यात माती टाकायला मात्र कोणी फावडं उचललं नाही.

मनकर्णाबाईही गप्पच राहिल्या असत्या. पण त्यांची लेक पूनम पांढुर्ण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. हर्षलला तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, पोटुशा बाईला ही कावीळ झाली तर आई आणि बाळ, दोघंही हातचे जाऊ शकतात.

त्या तडक हेमंतच्या दारात गेल्या.

"समदे मिळून खड्डे बुजवू. नळ वर घेऊ. पाणी कमी येईन, पण समद्यायलेच कमी येईन."

"काकू, तुमी उकळून प्या ना पाणी."

"पेयाचं उकळीन. भांडे कायनं धुवू? लेकराले कायनं न्हाऊ घालू?"

"बाकीचे बुजवू द्या, मंग मी बुजवतो."

"तुह्या पोराचे डोये अजून पिवळे हायेत, हेमंत!"

"अन् पयला खड्डा कोनं खंदला? काकाजीनंच ना?"

प्रत्येक दारात हेच उत्तर. घरी येऊन त्यांनी विटांचे तुकडे आणि मुरूम ओतून आपला खड्डा बुजवायला घेतला. नत्थूजी ओट्यावरून ओरडले, "येडी झाली का व? पाणी कुठून येईन?"

"नाली पिऊन राहिलो आपन, नाली! अन् ते बी भांडूभांडू."

नळ वर आला. पाण्याच्या वेळी त्यातून नुसती हवा फुसफुसली. सगळं पाणी बाकीच्यांच्या खड्ड्यांत उतरलं होतं. हेमंतची बायको अलका आपल्या खड्ड्यात उभी राहून म्हणाली, "काकू, एक गुंड आमच्याइथून नेजा. लाजू नोका." गल्ली हसली.

त्याच दिवशी त्यांनी पूनमला फोन केला. "तू येऊ नोको. मी येतो तिकडं."

पूनमला खरंच वाटेना. "आई, इथं राहशीन? बाबा तर चहा बी घेत नाईत."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, हे त्यांच्या घरात कडक होतं. लग्न झाल्यापासून नत्थूजी पांढुर्ण्याला जाताना पिण्याच्या पाण्याची बाटली सोबत नेत. ती याच खड्ड्यात भरलेली असे. पूनमच्या सासरी अंगणात स्वतःची बोअर होती.

पिशवी घेऊन निघालेल्या मनकर्णाबाईंना अलकाने फाटकातच गाठलं.

"बाप्पा! माहेर असून पोरगी सासरीच बाळंत होईन? अन् तुमी लेकीच्या घरचं पाणी पेसान?"

"पेईन. अन् पोटभर जेवीन बी. तिच्या पाण्यात तुमचा संडास नाई."

तेवढ्यात नत्थूजी मागून आले आणि सवयीने पिशवीत बाटली ठेवू लागले. "रीत मोडू नोको. हे ने सोबत. काल हेमंतच्या इथून भरून आणली."

मनकर्णाबाईंनी बाटलीचं झाकण काढलं, हेमंतच्या फाटकापुढच्या नालीत ती शेवटच्या थेंबापर्यंत उपडी केली, रिकामी बाटली नवऱ्याच्या हातात दिली आणि बस स्टँडची वाट धरली.