फौजदारणीच्या बाटल्या

माझ्या धाकट्या नणंदेची लेक लहानपणापासूनच संशयी. दूध आलं की आधी वास घेणार, डॉक्टरनं गोळी दिली की त्यालाच उलट प्रश्न. म्हणून घरात नाव पडलं फौजदारीण. पुढं शिकली-सवरली आणि कॅन्सरच्या संशोधनात गेली. तिथलं काम असं, की आजारी माणसाच्या गाठीतला कण आणायचा, त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांना पोषणाचं गुलाबी पाणी पाजायचं, ऊब द्यायची, आणि मग औषध घालून त्यांनाच मारायचं.

"मारायचंच तर पोसतेस कशाला गं?" तिची आई विचारायची.

"आई, बाटलीत मेल्या तरच माणसात मरायची आशा."

तिच्या पेशी होत्या स्वादुपिंडाच्या गाठीतल्या, एका बाईनं मरायच्या आधी दिलेल्या. भारी नखरेल. रडतखडत वाढायच्या, औषधाला दाद द्यायच्या नाहीत. या नादात हिच्या डोक्यावर चांदी आली. आणि अचानक काय झालं, पेशी भराभरा वाढायला लागल्या, औषध घातलं की पटापटा मरायला लागल्या. तिचे साहेब हरखले. दवाखान्यात कळवलं, औषध द्यायचे आजारी लोकही ठरले.

सगळे खूश, आणि हिला मात्र ते खटकलं. आळशी पोर एकाएकी पहाटे उठून अभ्यासाला बसलं तर आईला आनंद होतो की शंका येते, सांग बरं?

हिची शंका गेली जोडीदारणीवर. शेजारच्या टेबलावर फुप्फुसाच्या गाठीतल्या पेशी वाढवणारी मुलगी, गोड बोलणारी. ही मधल्या काचेआडून तिचे हात बघायची, ती जेवायला गेली की तिच्या बाटल्या उजेडात धरायची. शेवटी राहवेना.

"माझ्या बाटल्यांना तू हात लावलास?"

"लावला की. तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा पाणी बदल म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"आणि तुझ्या त्या फुप्फुसाच्या पेशी? त्याही तेव्हाच उघडल्यास?"

"हो. दोन्ही बाटल्या शेजारी उघड्या, पाणी एकाच बाटलीतलं." मुलीचा चेहरा उतरला. "ताई, आता माझ्यावर ढकलू नका हं. तुम्ही रोज असंच करता. तुमचंच बघून शिकले मी."

फौजदारणीचा संशय स्वतःवरच उलटला. नियम साधा. एका जातीच्या पेशींचं काम संपवायचं, टेबल पुसायचं, मगच दुसरी बाटली उघडायची. पण घाईघाईत ही कधीपासून दोन जातींच्या बाटल्या शेजारी उघड्या ठेवायची, तिचं तिलाच आठवेना. एक थेंब इकडचा तिकडं उडाला की संपलं. तण खाई धन! फुप्फुसाच्या पेशी हावरट, त्यांनी त्या नखरेल पेशींना जागाच ठेवली नसणार.

पेशी देणाऱ्या त्या बाईचं रक्त बर्फात जपून ठेवलं होतं. त्याच्याशी बाटलीतल्या पेशी डीएनए काढून जुळवून बघितल्या. जुळेनात. परक्याच निघाल्या.

साहेबांनी दार लावून घेतलं. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"मग थोडं थांब. औषध पेशी मारतंय ना?"

"भलत्याच रोगाच्या मारतंय, सर. दवाखान्यात तुम्ही सांगता की मी जाऊ?"

साहेबांनी पुढची फाईल ओढली. हीच गेली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी सगळं थांबवलं. बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या बायकोला हे औषध मिळायचं होतं, स्वादुपिंडाचाच आजार. डॉक्टर सांगतीलच म्हणून हिला निघून जाता आलं असतं. पण ही त्यांच्या शेजारी टेकली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी हिलाच हटकलं. "खरं बोला बाई. आमचा नंबर दुसऱ्या कुणाला दिलात ना? कुणी ओळखीचं?"

"नाही हो. कुणालाच देणार नाही. तुमच्या बायकोच्या रोगावर ते चालतं की नाही, हेच माहीत नाही. चूक माझ्या हातची आहे."

"मोठ्या लोकांच्या चुका बऱ्या गरिबाच्याच वेळेला होतात!"

"तपासणीचा निकाल दाखवू?"

"तो तरी तुमचाच ना?" म्हणत ते उठले आणि डॉक्टरांचं दार ठोठावलं.

ही बाकावरच बसून राहिली. आतून त्यांचा चढलेला आवाज येत होता, तेच ते प्रश्न परत परत. हिच्या मनात आलं, विचारू देत, मीही असंच विचारलं असतं. त्यांनी मला बोलावलं तर मी इथंच आहे.