इंजिन उकळलं अन् तिची गाडी सुटली

काही सुचून नाही राहिलं, म्हणून इथं लिहून राहिलो.

माझी मैत्रीण आज नोकरीसाठी पुण्याला निघाली. बडनेरा स्टेशनवर निरोप द्यायला येतो म्हणून शब्द दिला होता. अकोल्याहून माझ्याच गाडीनं निघालो. गाडीत नुकतंच मोठं इंजिन बसवलं. गॅरेजवाले मिस्त्रीकाका म्हणाले होते, "रेडिएटरले एकच मोठा पंखा घे." दिसायला भारी म्हणून मी दोन छोटे आणले, वायरिंगही स्वतःच केलं.

मूर्तिजापूरपाशी इंजिन उकळलं. काकांना फोन लावला.

"समोरच्या जाळीवर कागद धर. चिकटते का?"

"उडून राहिला, काका."

"मंग पंखे उलटे फिरून राहिले, शहाण्या! वायरी अदलून-बदलून लाव."

बदलेपर्यंत तिचा मेसेज आला. "गाडी सुटेपर्यंत दारातच उभी होती मी. काहून नाही आला तू?"

'पंखे उलटे लावले' असं चारदा लिहून खोडलं. तुमी काय लिहिलं असतं?