विहीर अजून डावीकडे

इंदूताई आपल्या प्रत्येक चित्राखाली त्याचे दोष लिहायच्या. चित्र विकायला ठेवलेलं, वेबसाइट स्वतःच्या नावाची आणि खाली मजकूर असा : 'पवनेचा घाट, सकाळ. जलरंग. पाणी जमलंय. उजवीकडचं झाड फसलंय, दुरुस्त करायला गेले आणि चिखल झाला.' हा मजकूर त्या सांगायच्या आणि मी टाइप करायचे, कारण ती वेबसाइट मीच बनवली होती आणि सांभाळायचेही मीच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "ताई, मंडईत कुणी आपल्याच वांग्याला किडकं म्हणतं का?"

"किडकं आसंल तर म्हनावं," त्या शांतपणे म्हणाल्या. "गिऱ्हाईक घरी निऊन चिरनारच हाय की."

गंमत म्हणजे चित्रं विकली जात. लोक आधी खालचं वाचायचे, मग ते फसलेलं झाड शोधायचे आणि तेवढ्यात चित्र त्यांना आवडून जायचं. इतका साळसूद धंदा मी दुसरीकडे पाहिला नाही.

इंदूताईंचं माहेर निघोज्याचं, सासर चिंचवडचं. नवरा कंपनीत होता. तो पहिल्या शिफ्टला गेला की ह्या घडीचं स्टूल काखोटीला मारून नदीवर जायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर नवऱ्याची कंपनीची टोपी. नवरा वारल्यावर घर चित्रांवरच चाललं. त्यांचा नियम एकच होता. समोर बसून काढायचं. फोटोवरून नाही आणि आठवणीतून तर मुळीच नाही. "आठवनीतलं झाड कायम हिरवंच असतंय," त्या म्हणायच्या. "त्याच्यावर भरवसा ठिवायचा न्हाई."

वेबसाइटवर चित्रं चढवताना माझ्या लक्षात आलं, की सांगवीचा पूल आहे, इंद्रायणी आहे, रेल्वेलाइनच्या कडेची बाभळ आहे, पण निघोजं कुठेच नाही. मी विचारलं तर त्यांनी ब्रश पाण्यात बराच वेळ हलवला. "म्हायेर कुठं पळून चाललंय, कवाबी काढू म्हनलं," त्या म्हणाल्या, "म्हनून ऱ्हायलं."

वडिलांमागे मळ्यातला आपला हिस्सा त्यांनी हसत हसत भावाच्या, दादांच्या, नावावर सोडला होता. मळा मोडणार नाही, असा दादांनी शब्द दिला होता. पुढे आजूबाजूच्या जमिनी कंपन्यांना गेल्या आणि दादांनीही मळा विकला. इंदूताईंना ते कळलं तेव्हा तिथे गोडाऊनचा पत्रा चढत होता. त्या वर्षापासून भाऊबीज बंद झाली, बोलणंही.

"मला पैसं नगं हुतं गं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. "निसतं आदी सांगायचं. स्टूल घिऊन आले असते."

मग एका सकाळी वेबसाइटवर ऑर्डर आली. पत्ता चाकणचा. 'आमच्या निघोज्याच्या मळ्याचे चित्र पाहिजे. विहीर, आंबा, मागे डोंगर. लवकर मिळावे, तब्येत बरी नाही. चित्रकार आमची बहीण लागते.' सख्ख्या बहिणीला फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून भाऊ गिऱ्हाईक होऊन आला होता.

मी ते इंदूताईंना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं.

"'बहीन लागते' आसं लिवलंय?"

"हो."

"सुनेनं लिवलं आसंल. त्याला मोबाइलवर लिवाया येत न्हाई." आणि त्या भांडी घासायला निघून गेल्या.

सुनेला फोन केल्यावर कळलं, की दादा अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी ताईंना म्हटलं, एवढ्या एका चित्रापुरता नियम बाजूला ठेवा, आठवणीतून काढा. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कशी काढू? माज्या मनात त्यो आंबा मोहरल्यालाच हाय. बारा म्हैने मोहरतो का कुठला आंबा? खोटं काढून दिऊ व्हय त्याला?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आन् न्हाई काढलं, आन् त्यो तसाच गेला, तर?"

दोन दिवसांनी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली.

निघोज्यात गोडाऊनच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, त्यांनी स्टूल मांडलं. फाटकावरचा सिक्युरिटीवाला धावत आला. मराठवाड्याकडचा असावा. "मावशे, हितं नका बसू, ट्रेलर यायलाय."

"बसू दे बाळा. माजा मळा हाय ह्यो."

त्याने मागे वळून पत्र्याकडे पाहिलं, मग प्लास्टिकची दोन पिंपं आणून त्यांच्याभोवती ठेवली. ट्रेलर वळसा घेऊन जाऊ लागले.

ताईंनी कागदाचा वरचा भाग ओला केला. आधी आभाळ आलं. मग डोंगर, त्याची सोंड, सोंडेवरची सावली. इतका हळू हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. डोंगर पायथ्याशी आला तसे त्यांनी ब्रश धुतले आणि फडक्याला पुसले. खाली अर्धा कागद कोराच होता.

"ताई, खालचं?"

"खाली पत्रा हाय. पत्रा त्यानं मागितला न्हाई. मळा म्हनशील तर त्यो समोर न्हाई." कागद वाळायची वाट बघत त्या बसून राहिल्या. "डोंगर तेवढा खरा हाय, त्यो दिला. खालचं त्याला पाठ हाय."

मला धाकधूक होती. आजारी माणसाला अर्धं चित्र कोण नेऊन देतं? चाकणच्या फ्लॅटमध्ये दादा खाटेवर उशांना टेकून बसले होते. बहीण दारात उभी राहिली, चित्र माझ्या हातात. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते पाहत राहिले, मग बोट उचलून कोऱ्या कागदावर टेकवलं.

"हितं हीर."

"आजून डावीकडं," इंदूताई दारातूनच म्हणाल्या. कित्येक वर्षांनी भावाशी बोललेला तो पहिला शब्द.

"न्हाई गं. मग मोटर कुठं हुती?"

"मोटर आंब्याखाली. तुला कवा ध्यानात ऱ्हायलंय?" म्हणत त्या खाटेवर येऊन बसल्या. मग आंबा कुठे, बांध कुठे, वडील जेवायला कुठे बसायचे, यावरून दोघं पोरांसारखी भांडली. सुनेने आणलेला चहा निवून गेला.

मध्येच दादा थांबले. "तुला सांगनार हुतो, इंदे. पर तू स्टूल घिऊन आली असतीस. तू काढत बसली असतीस, तर माज्यानं सही झाली नसती."

 इंदूताईंनी भावाचं बोट धरलं आणि कागदावर थोडं डावीकडे सरकवलं.

त्या दिवाळीत भाऊबीज झाली. थंडी सरता सरता दादा गेले. इंदूताईही फार राहिल्या नाहीत. मला त्यांची आठवण येते, आणि सगळ्यात जास्त येते ती टाइप करताना, कारण शेजारी बसून कुणी दोष सांगत नाही.

वेबसाइट मी बंद केलेली नाही. ते चित्रही तिथे आहे. खालचा मजकूर त्यांनीच सांगितलेला : 'निघोजे, आमचा मळा. डोंगर जमलाय. आभाळ जरा घाईत झालंय. खालचं राहिलंय.' चित्र अपुरं आहे का, असं कुणी कुणी विचारतं. मी 'हो' असं कळवते.

कामानिमित्त त्या बाजूला जाणं होतं. बस गोडाऊनवरून जाते तेव्हा मी खिडकीतून बघते. तो मळा मी कधी पाहिलेला नाही. पण माझी नजर पत्र्यावर मुळी थांबत नाही, डावीकडे विहीर शोधत जाते.