मेंबरबाईंच्या घरचा नळ

मेंबरबाई उभ्याने जेवत. डाव्या हातात ताटली, उजव्या हाताने घास आणि नजर दाराबाहेर. पिंपरीतल्या आमच्या चाळीतून त्या नगरपालिकेवर निवडून आल्या आणि आठवड्याभरात त्यांचा जेवायचा पाट भिंतीला लागला. "दाराशी मानूस उभा हाय आन् मी मांडी घालून बसू व्हय? घास उतरत न्हाई," म्हणायच्या. आम्ही हे आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो. एका बाईला आपण धड बसून जेवू देत नाही याची लाज वाटायला हवी होती. आम्ही त्याची शेखी मिरवली.

नगरपालिका तेव्हा नवी होती. आम्हीही नवेच, कुणी साताऱ्याकडचे, कुणी मराठवाड्यातले, सगळे कंपन्यांत लागलेले. मेंबरबाई राजगुरुनगरकडच्या. नवरा कंपनीत लेथवर, आणि सासू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. माझं अक्षर बरं, म्हणून वॉर्डाचे अर्ज त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. 'नम्र विनंती' असं मी लिहिलं की हात धरायच्या. "इनंती कशापायी, भाऊ? हक्काचं हाय. मागनी लिवा."

त्यांच्याकडे लोक काय काय घेऊन यायचे! गटार तुंबलं, दिवा गेला, हे ठीक. पण कुणाचा नवरा पिऊन पडला, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची कोंबडी शेजारच्याने कापली, तरी मेंबरबाई. मी तरी कोण मोठा शहाणा? मेव्हण्याला कंपनीत चिकटवा म्हणून एका पहाटे त्यांची कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात सासूची भिजलेली चादर होती. ती चादर मला दिसली. तरीही मी मेव्हण्याचंच बोलत राहिलो, आणि त्या चादर तशीच धरून ऐकत राहिल्या.

नवं लुगडं नेसल्या की बायका म्हणायच्या, मेंबरकी मानवली. जुनं नेसल्या की, वॉर्डाची अब्रू घालवते. सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या राहिल्या तर 'बघा कसं नाटक करते', आणि चादरी धुवायची घाई म्हणून एखाद्या दिवशी कुणी पुढे जाऊ दिलं तर 'घुसली'. बाईंना या बोलण्याचं वाईट वाटत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मेंबर झाल्यावर कसलं वाईट वाटायचं?

पुढे त्यांनीच भांडून चाळीत घरोघर नळ आणले. त्यांचं एकच टुमणं होतं, "आदी समद्यांचं हू द्या." माझ्या घरी नळ आला, माझ्या शेजाऱ्याकडे आला, सव्वा वर्षात सगळ्या चाळीत आला. तोवर त्या सासूच्या चादरींसाठी दिवसाला आठ-दहा हंडे वाहत होत्या. सगळ्यात शेवटी, रीतसर अर्ज करून, त्यांनी आपल्या मोरीत नळ घेतला. नेमकं त्याच उन्हाळ्यात पाणी कमी दाबाने यायला लागलं. साऱ्या पिंपरीतच तसं येत होतं. पण आमच्या चाळीने निकाल देऊन टाकला, मेंबरच्या नळाने पाणी ओढलं.

मी कंपनीत पाइपांचंच काम करत होतो. अर्ध्या इंचाचा नळ चाळीचं पाणी ओढत नाही, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तक्रार अर्ज मीच लिहिला. 'पदाचा गैरवापर' हे शब्द माझे. लोक सह्या करायला माझ्याच घरी आले, आणि त्यांना केलेला चहा माझ्या नळाच्या पाण्याचा होता.

चौकशीला साहेब आले. पावती पाहिली, पाइप मोजला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, यात काही गैर नाही." मेंबरबाईंनी तो अर्ज हातात मागितला. त्यातलं अक्षर पाहिलं, घडी घालून परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी नळ काढायला माणूस बोलावला. साहेब म्हणाले, "अहो, गरज काय?"

"लोकांचा जीव त्यात अडकलाय, सायेब. मोकळा करा."

नळ निघाला. दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला थेंबभरही जास्त पाणी आलं नाही. कुणी माफी मागितली नाही. उलट एकजण म्हणाला, "खरी होती तर काढला कशाला?" आणि आम्ही माना डोलावल्या.

आपला समाज पुढाऱ्यांकडून फार अपेक्षा ठेवतो, असं लोक म्हणतात. साफ खोटं! त्यांच्यानंतर आलेल्या मेंबरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, दाराशी जीप होती, आणि तो दुपारी चारपर्यंत भेटायचा नाही. त्याच्याकडून आमची काडीची अपेक्षा नव्हती. 'वजनदार माणूस' म्हणत आम्ही त्याला हार घालायचो. जी बाई दार उघडत होती, तिच्याच दारात आम्ही रांग लावली आणि तिच्याच मोरीत वाकून पाहिलं. अजूनही हे आठवलं की माझं डोकं भडकतं, आणि भडकून मी कुणाला बोलणार?

त्या दिवाळीआधी त्यांची सासू गेली. पुढच्या निवडणुकीला मेंबरबाई उभ्या राहिल्या नाहीत. नवऱ्याने तळेगाव दाभाड्यात काम धरलं. टेम्पोत सामान भरलं जात होतं तेव्हा सगळी चाळ आपापल्या दारात उभी होती. मी मात्र पुढे गेलो. माझ्या हातात मुलाच्या कॉलेजसाठीचा रहिवासी दाखला होता, आणि बाईंच्या मुदतीचे चार दिवस अजून बाकी होते. पेनसुद्धा मी उघडूनच नेलं होतं.

त्यांनी कागद वाचला आणि माझ्या हातात परत दिला. "आज न्हाई, भाऊ. आज मी घर हलवतीय."

"एक सही फक्त, बाई."

त्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. आणि खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. मी शेजाऱ्याकडे वळलो आणि म्हणालो, "बघितलंत? मतं मागताना दारोदार फिरल्या, आता एका सहीला हात दुखतो. कामापुरता मामा!"

टेम्पो तोवर सुटला नव्हता. त्यांना ऐकू जावं, म्हणूनच मी आवाज चढवला होता.