गाडी हवी आहे का?

परदेशात शिकत होते तेव्हा वाटायचं, पनवेलला परत जाऊन चार वाक्यं नीट लिहिली तरी माणसांची आयुष्यं बदलतील. परत आले, तर आमच्या रोडपालीच्या ऑफिसात चार वाक्यंसुद्धा कुणी लिहिली नव्हती! अशा ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. भिंतीला ओल धरते तसे आपोआप धरतात.

आधी काम सांगते. वीटभट्ट्यांवरच्या मजुरांसाठी आमचा एक मदतीचा फोन आहे. तो उचलतो एआय एजंट, बाईच्या गोड आवाजात. त्याच्या हाताशी काही टूल्स: ‘गाडी पाठवा’, ‘तक्रार नोंदवा’, ‘कॉल बंद करा’. कुठलं कधी वापरायचं, हे तो टूलखाली लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. तेवढंच त्याचं जग. आणि भट्टीवर कुणाला लागलं-खुपलं, तर त्या माणसाचंही!

पहिल्या दिवशी मी ‘गाडी पाठवा’चं वर्णन उघडलं. लिहिलं होतं, ‘गाडी पाठवते.’

*

त्याचं फळ लगेच मिळालं. कोनजवळच्या भट्टीवरून एका बाईला कळा सुरू झाल्याचा फोन आला. गाड्यांमध्ये रुग्णवाहिका होती, आणि मजुरांचं सामान हलवायचा टेम्पोही. टेम्पो जवळ होता. एजंटने तो पाठवला!

ड्रायव्हर म्हात्रेचा मला फोन. “मॅडम, सामान कुठं हाय? हितं तर बाय रडतेय!”

बाळंतपण वाटेतच झालं, टेम्पोत. मायलेकरं वाचली. आमचे मालक सावंत सर पेढे घेऊन आले. “बघ, टूल चालतंय!”

*

मी ते वर्णन बसून नीट लिहिलं. कुठल्या दुखण्याला कुठली गाडी, सगळं. मग सरांच्या एका वकील मित्राने त्यावर नजर टाकली आणि खाली जोडलं: ‘पूर्ण खात्री असल्याशिवाय वापरू नये. गैरवापर टाळावा. शंका असल्यास थांबावे.’

त्यानंतर गाड्या जागच्या हलेनात. एक माणूस कळवळून सांगतोय की मी माळ्यावरून पडलो, आणि एजंट गोड आवाजात विचारतोय, “आपण पडलात याची आपल्याला खात्री आहे का?”

शेजारच्या टेबलावरची फरीदा म्हणाली, “मुबारक हो! मशीन सरकारी नोकरीला लागलं.”

वकिलाची वाक्यं काढून घ्यायला मला सरांशी आठवडाभर भांडावं लागलं.

*

‘तक्रार नोंदवा’चं वर्णन खुद्द सरांचं. ‘मजुराची तक्रार सोडवते.’

एजंट बिचारा वाचेल ते खरं मानणारा. तो प्रत्येकाला सांगायचा, “आपली तक्रार सुटली आहे.” माणसं आभार मानून फोन ठेवायची.

“सर, तक्रार फक्त आपल्या कॉम्प्युटरमध्ये जाते! पुढे कुणी बघत नाही!”

“पण लोक खूश आहेत ना? कुणी परत फोन केलाय?”

*

पाहुणे आले की सर त्यांना एक कॉल हमखास ऐकवायचे. त्यांचा लाडका.

“भाऊ पडलाय. पायावर इटा पडल्यात.”

“दवाखान्यात न्यायला गाडी हवी आहे का?”

“नाय.”

“बरं. काळजी घ्या.” कॉल बंद.

‘कॉल बंद करा’खाली लिहिलं होतं, ‘समोरच्याने मदत नाकारली की वापरा.’ आमच्या ऑफिसातलं सगळ्यात स्पष्ट वर्णन! “किती नेटकं,” पाहुणे म्हणायचे. मलाही त्यात काही खोट काढता आली नाही.

*

गेल्या सोमवारी दुपारी चिरनेरच्या वरच्या वाडीतली एक बाई आली. सोमी नाव. दारातच उभी राहिली.

“आत ये ना. बस.”

“नाय.”

“अगं, बस गं.”

बसली.

“पाणी देऊ?”

“नाय.”

“घे, घे. उन्हातून आलीस.”

तिने तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. फरीदा माझ्याकडे बघत राहिली.

“काय काम काढलंस?” मी विचारलं.

“भावाला आणलाय. मुकादम आता त्याला भट्टीवर ठेवत नाय. खाली बसलाय, त्याला जिना चढवत नाय.”

मी खिडकीतून पाहिलं. पायरीवर एक तरुण मुलगा. शेजारी कुबड्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंतच.

“आधी फोन करायचास गं,” फरीदा म्हणाली. “गाडी आली असती!”

“केलता ना, ताय. बाय लय चांगली बोलली. गाडी पायजे का, ईचारलं.”

“मग?”

सोमी रिकाम्या तांब्याकडे बघत होती.

“येकदाच ईचारलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर यायच्या आधी, मी ‘कॉल बंद करा’ हे टूल एजंटकडून काढून घेतलं. वर्णन सुधारत बसले नाही. टूलच काढलं.

सर आल्या आल्या ओरडले, “अगं, मग फोन ठेवणार कोण?”

“ज्याने केला तो.”